गिरणीवाल्याचे वाक्य

वेलांटीचे पत्र आले तेव्हा मी ते उभ्याउभ्याच वाचले, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले. उत्तर लिहायचे राहिले. ‘राहिले’ हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचेपर्यंत तोच असू द्या.

वेलांटी म्हणजे छापखान्यातला माझा सोबती. आम्ही दोघे मुद्रितशोधक. मी उंच आणि सरळसोट, म्हणून मला सगळे ‘काना’ म्हणत. तो मान पुढे वाकवून चालायचा, म्हणून तो वेलांटी. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे, असे आमचे काम वर्षानुवर्षे चालले. मग एका सकाळी मालकांच्या सासऱ्यांची निधनवार्ता ‘सुखद निधन’ अशी छापून आली. जावई-सासऱ्यांचे कसे पटत होते ते सर्वांना ठाऊक असल्यामुळे छापखान्यात जो तो तोंडावर हात धरून फिरत होता, पण मालकीणबाईंना हसू आले नाही. शेवटची प्रत वेलांटीने एकट्याने वाचली होती. विचारणा झाली तेव्हा त्याने खाली बघत माझे नाव घेतले. मला वेळेवर बोलायला कधीच जमलेले नाही. नोकरी गेली, आणि पुढचे सगळे आयुष्य मी घरी बसून लोकांच्या प्रबंधांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात काढले.

पत्रात त्याने लिहिले होते की ती प्रत त्याने वाचली होती, हे मला ठाऊक आहेच. ‘माझं चुकलं. जमलं तर दोन ओळी लिही. हात थरथरतो, अक्षराला हसू नकोस.’

मी उत्तर लिहायला बसलो नाही असे नाही. ‘तुला क्षमा केली’ असे लिहिले, तर मी सिंहासनावर चढून बसल्यासारखे वाटले. ‘मी केव्हाच विसरलो’ हे खोटे होते. ‘कसा विसरू?’ हे खरे होते, पण अर्धेच. मी खोडत राहिलो. आमची बायको चहाचा कप ठेवता ठेवता एकदा म्हणाली, “दोन ओळी मागितल्यात त्यांनी. तुम्ही ग्रंथ कशाला लिहिताय?”

तशात नातीने मला काम आणून दिले. ती संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. तिथे तेव्हा अशा एका गेमची मराठी आवृत्ती चालली होती, ज्यात खेळणारा एका माणसाची भूमिका घेतो, वाटेत त्याला निवड करावी लागते आणि जसा वागेल तशी गोष्ट वळते. मला त्यातले काही कळत नव्हते. मला संवादांचा तक्ता मिळे, मी मराठी करून देई. गेममध्ये सैन्यातून पळालेला एक शिपाई आहे. त्याच्यासोबत एक जखमी मित्र आहे. पाठलाग करणाऱ्यांना अडवायचे तर पुलाजवळची पाणचक्की पेटवून द्यावी लागते. पाणचक्की एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याची, त्याला तिच्याशिवाय काही नाही. पुढे पूर्ण खेळभर शिपायाने भल्या गोष्टी केल्या की पडद्याच्या कोपऱ्यातली एक पट्टी भरत जाते. त्या पट्टीला मी आधी ‘पुण्य’ म्हटले, मग ‘सुकृत’, आणि शेवटी ‘सचोटी’वर थांबलो. सचोटी पुरेशी भरली की शिपायाने गिरणीवाल्याच्या दारात परत जायचे. भरलेली असली तर म्हातारा माफ करतो, नसली तर दार लावून घेतो.

माफ करण्याचे मूळ वाक्य लांबलचक होते. मनावरचे ओझे उतरव, इथेच अडकून राहू नकोस, आपल्या आयुष्याकडे चालू लाग, अशा अर्थाचे. मी त्याचे केले, ‘झालं ते झालं. पुढे जा.’ या वाक्यावर मी फार खूश होतो. इतके आखूड आणि नेमके वाक्य मला क्वचितच जमले असेल.

थोड्या दिवसांनी नात तोंड पाडून घरी आली. गेम तपासायला दिला होता, आणि खेळणारी मंडळी त्या दारातच अडकून पडली होती. सचोटी काठोकाठ भरली तरी म्हातारा हाकलून देतो, अशी सर्वांची तक्रार. एकाने गावातली हरवलेली सगळी मेंढरे शोधून आणली, पुन्हा दारात गेला, पुन्हा तेच. एकीने तर खेळच सोडून दिला. तिने लिहिले होते की इतके करून माफी मिळत नसेल तर करायचे कशाला.

बायको टेबलाशी मटार सोलत होती. तिने ते वाक्य मला परत वाचायला सांगितले. मी वाचले.

“आणि हे म्हणून तो दार लावतो?”

नात म्हणाली, “हो, आजी. बोलणं संपलं की लावतो.”

“दारात हात जोडून उभा राहिलेल्या माणसाला ‘पुढे जा’ म्हणायचं नि दार लावायचं. मग त्याला काय वाटणार, सुट्टे नाहीत म्हणून सांगितलं असंच ना?”

नातीला हसताना उचकी लागली. माझे कान तापले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि माझी चूक मटाराच्या सालांतून निघाली. मी लगेच दुसरे वाक्य द्यायला निघालो, पण नातीने थांबवले. ती म्हणाली की मी नुसता तक्ता वाचला आहे. एकदा त्या दारात उभे राहून बघावे.

तिचे ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात नव्या चामड्याचा वास येतो. वर एका लांब खोलीत दहाबारा तरुण माणसे कानांवर हेडफोन लावून बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या टेबलावर अर्धवट प्यालेल्या कॉफीचा कप असतो. नातीने मला मोठ्या पडद्यासमोर बसवले आणि हातात कंट्रोलर दिला. सुरुवातीला माझा शिपाई भिंतीलाच धडकत राहिला. मागून कुणीतरी म्हणाले की आजोबांचा शिपाई पळून आलाय की पिऊन आलाय. मी मान वर केली नाही.

पुलापाशी आलो तेव्हा मी चक्की पेटवली नाही. मला वाटले, यात काय अवघड आहे. घोडेस्वार पूल ओलांडून आले आणि माझा जखमी मित्र मारला गेला. तोवर वाटेभर तो पांचट विनोद सांगत होता. ते विनोद मीच मराठीत केले होते. मी नातीला म्हणालो की मागे जाता येते का बघ. तिने मागे नेले. दुसऱ्या वेळी मी चक्की पेटवली. कोणते बटण ते तिने दाखवले, पण दाबणारा अंगठा माझा होता. म्हातारा पिठाचे एक पोते खांद्यावर घेऊन बाहेर आला. ओरडला नाही. नुसता बघत राहिला.

त्यानंतर मी भली कामे करत सुटलो. एकाचे छप्पर शाकारले, एका चुकलेल्या पोरीला घरी पोचवले. एका म्हातारीला पाणी नेऊन दिले, आणि ती आभार मानत होती तेव्हा माझे डोळे कोपऱ्यातल्या पट्टीवर होते. माझे मलाच ओशाळे वाटले. नातीला सांगितले, तर ती म्हणाली की सगळेच असे करतात.

“म्हणून तर मला शेवटचं वाक्य नीट हवंय, आजोबा. तिथे तरी कुणी पट्टीकडे बघू नये.”

पट्टी भरली. माझा शिपाई दारात गेला, दार वाजवले, म्हाताऱ्याने उघडले. शिपाई म्हणाला, “तुमची चक्की मी जाळली. माझं चुकलं.”

हे भाषांतर माझेच. करताना ते कुठून आले हे मला कळले नव्हते.

गिरणीवाल्याने तोंड उघडले. आवाज आला नाही. तोंड मिटले. माझे वाक्य नातीने काढून टाकले होते आणि नवे अजून आले नव्हते, त्यामुळे त्या जागी काहीच नव्हते. म्हातारा शिपायाकडे बघत राहिला आणि शिपाई उभा राहिला. वाऱ्याने त्याचा अंगरखा हलत होता. थोड्या वेळाने त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

“हा असाच उभा राहणार?” मी विचारले.

“वाक्य येईपर्यंत. आता काय करायचं ते गेमला कळत नाही ना.”

मी बघत राहिलो. शिपायाने पुन्हा पाय बदलला. इतकी वर्षे मी अशा समजुतीत होतो की दाराबाहेर ठेवला गेलो तो मी. माझ्याही हातात एखादे दार असेल आणि त्याच्यासमोर कुणी पाय बदलत उभे असेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. वेलांटीच्या गुडघ्यांना कधीच ताकद नव्हती. प्रती वाचतानासुद्धा तो सारखा बसायला जागा शोधायचा.

“लिहून घे,” मी नातीला म्हणालो. “राग गेलेला नाही. पण आत ये.”

तिने टंकले, मग थांबली. “हे ‘माफ केलं’मध्ये धरू की ‘नाही केलं’मध्ये? फाइलीत दोनच रकाने आहेत.”

“मला नाही गं सांगता येत.”

“गिरणीवाल्याला?”

“त्यालाही नसेल येत.”

तिने पेन ओठांवर आपटत विचार केला. नंतर म्हणाली की घरात घेतले म्हणजे ‘हो’मध्येच धरू, पण मग दार उघडे राहायला हवे. पडद्यावरच्या पात्रांच्या हालचाली तयार करणाऱ्या मुलाला तिने बोलावून घेतले. मला वाटले तो कुरकुरेल. तो म्हणाला की आजवर सगळ्यांनी त्याला काही ना काही वाढवायलाच सांगितले. दार लावणे काढून टाक, एवढे सोपे काम त्याला प्रथमच मिळत आहे. थोड्या वेळाने पडद्यावर म्हातारा बोलला, वळून आत गेला, आणि दार तसेच राहिले. शिपाई क्षणभर थबकला आणि आत गेला. ते वाक्य बरोबर आहे की नाही, याची मला आजही खात्री नाही. पुढच्या तपासणीत मेंढरे शोधायला कुणी परत गेले नाही, एवढेच नातीने नंतर सांगितले.

घरी आल्यावर मी चपला काढल्या आणि तडक टेबलाशी बसलो. या वेळी कच्चा मजकूर केला नाही. लिहिले ते असे:

‘तुझे पत्र मिळून बराच काळ झाला. उत्तर लिहिले नाही, कारण क्षमा केली असे लिहिता येत नव्हते, आणि केली नाही असेही लिहवत नव्हते. राग आहे. पूर्वीइतका नाही, पण आहे. तरी तू यावेस असे मला वाटते. हात थरथरत असेल तर उत्तर लिहू नकोस, सरळ ये. संध्याकाळी मी घरीच असतो.’

बायकोने वाचायला मागितले. तिने चष्मा पुसून सावकाश वाचले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघणे टाळले.

“‘मी’ काय? ‘आम्ही’ लिहा,” ती म्हणाली. “मी काय भाड्याने राहते इथे?”

मी ‘आम्ही’ केले, ‘असतो’ तसेच राहू दिले, पाकीट चिकटवले आणि बाहेर पडलो. टपालाची पेटी औषधांच्या दुकानाशेजारी आहे. पाकिटाचे अर्धे टोक मी फटीत सरकवले, आणि मग एकेक शंका यायला लागली. ‘पूर्वीइतका नाही’ हे उगाच मोठेपणा दाखवणारे तर नाही? ‘सरळ ये’ हे हुकूम सोडल्यासारखे वाटेल का? परत नेऊन एकदा नजर टाकावी, असे वाटून मी पाकीट मागे ओढू लागलो.

मागे एक बाई हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

“काका, झालं का तुमचं?”

मी पाकीट सोडले. आत ते पडल्याचा आवाज आला.

“झालं,” मी म्हणालो आणि तिला जागा करून दिली.