उंचीची खूण

गोल्फ हा गवतावरचा खेळ, आणि पूर्णगडच्या सड्यावर गवत म्हणाल तर पावसाळ्यात आणि पुढे महिनाभर. बाकी वर्षभर नुसता कातळ आणि त्यावर हिंडणारी गुरं. अशा जागी गोल्फ खेळायचं कप्तान फारुक सोलकरांनाच सुचू जाणे. तीस वर्षं जहाजं हाकून घरी परतल्यावर त्यांनी सड्यावरच्या आपल्या जमिनीत सहा खड्डे खणून घेतले, भोवती तेल शिंपडलेली वाळू पसरली आणि त्याला बेधडक गोल्फ कोर्स म्हणायला सुरुवात केली. लोक हसले. कप्तानांनी हसणाऱ्यांना चहा पाजला आणि खेळत राहिले.

त्यांची बॅग उचलायला रावजी होता. आतल्या गावातला कुणबी. मुंबईच्या एका क्लबात अठ्ठावीस वर्षं कॅडी म्हणून साहेबांच्या मागून चाललेला. गुडघे बोलायला लागले तसा तो गावी आला, पण भाताच्या कामात त्याचा जीव रमेना. बायको मैना म्हणायची, तुमचं अर्धं चित्त तिकडेच राहिलंय. मग कप्तान भेटले आणि त्याला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं. रोज सकाळी दोघं सड्यावर. एकाने मारायचं, दुसऱ्याने अंतर सांगायचं. साहेबाने विचारलं की खरं तेच सांगायचं, ही रावजीची रीत होती, आणि तिचा त्याला मनातून फार अभिमान होता.

शेवटच्या खड्ड्याच्या अलीकडे एक घळ होती. तिच्यावरून चेंडू पलीकडे न्यायचा तर दीडशे यार्ड हवेतूनच जायला हवा. याच घळीवर कप्तानांनी आपलं पुढचं आयुष्य टांगून ठेवलं होतं. त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. मुलगा झैन शारजात नोकरीला. त्याने तिथे ऑपरेशनची सगळी तजवीज केली होती, नंतर तिथेच राहायचं असंही ठरवलं होतं. कप्तान काही हलेनात. "माझा चेंडू घळीत पडेल त्या दिवशी सामान बांधीन," त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "तोवर मला कोणी आजारी म्हणायचं नाही."

दोन हजार आठची बकरी ईद डिसेंबरात आली. तोपर्यंत चेंडू घळीच्या पलीकडच्या काठाला कसाबसा टेकत होता. कप्तानांनी दोष दिला जुन्या वूडला, म्हणजे लांब टोला मारायच्या जाड डोक्याच्या काठीला, आणि झैनकडून हट्टाने नवं मागवलं. ईदेला घरी येताना झैन ते घेऊन आला आणि कप्तान, झैन, रावजी असे तिघं ओटीवर त्याच्याभोवती बसले. झैनने एका छोट्या चावीने डोक्याजवळचा स्क्रू सैल केला, मान फिरवली आणि समजावलं, "अब्बा, या खुणेवर लावलंत तर तोंड उभं राहतं. चेंडू खालून, वेगात जातो. या दुसऱ्या खुणेवर तोंड मागे कलतं, चेंडू उंच उठतो. तुम्हाला कुठलं हवं?"

"वेग," कप्तान लगेच म्हणाले. "उंच काय, पतंग उडवायचाय?"

झैन हसला. रावजी हसला नाही. कप्तानांचा हात आता किती हळू फिरतो हे त्याला ठाऊक होतं. हात जोरात फिरत असेल त्यालाच ती वेगाची खूण. हळू हाताला चेंडू उंच उठवून मिळाला तरच तो हवेत टिकणार. मुंबईत असता तर त्याने साहेबाला तोंडावर सांगितलं असतं. इथे त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. सांगितलं असतं तर मानी कप्तानांनी नवं वूड बाजूला ठेवलं असतं, आज ना उद्या जुन्यानेच चेंडू घळीत घातला असता आणि ते विमानात बसले असते.

दुसऱ्या दिवशी बॅग पुसताना रावजीने चावी घेतली आणि मान उंचीच्या खुणेवर फिरवून ठेवली. त्या बारीक रेघा चष्म्याशिवाय कप्तानांना दिसत नसत, आणि खेळताना चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्या सकाळी चेंडू गवताऐवजी अंथरलेल्या काथ्याच्या चटईवरून उठला, चांगला वर गेला आणि घळ ओलांडून दहा यार्ड पुढे पडला. कप्तानांनी टोपी काढून हवेत उडवली. "बघितलास वेग?" ते ओरडले. झैन आठवडाभराने एकटाच परत गेला.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आंब्यांना कैऱ्या धरल्या. चेंडू रोज घळ ओलांडत होता. कप्तान मात्र सडा चढताना आधी एकदा थांबत, मग दोनदा, मग तीनदा. रावजी मुद्दाम बॅगेच्या पट्ट्याशी खटपट करत मागे राही, म्हणजे थांबणं त्याच्यामुळे झालं असं दिसावं. याही गोष्टीचं त्याला तेव्हा कौतुकच वाटत होतं.

मार्चमध्ये एके दिवशी कप्तानांच्या बायकोने, सईदाभाभींनी, त्याला मागल्या दारी थांबवलं. "रावजीभाऊ, यांना उताणं झोपता येत नाही आता. पाय बघा कसे सुजलेत. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर ऑपरेशन करूनही उपयोग व्हायचा नाही. आणि तो मेला चेंडू काही पडत नाही हो! मी नमाजात दुवा मागते, आज तरी पडू दे म्हणून." त्या रडत होत्या.

रावजीला घरी जेवण गेलं नाही. अंगणात बसून त्याने पहिल्यांदा स्वतःला नीट विचारलं, की आपण हे कोणासाठी केलं? उत्तर कठीण नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मैनेने काय झालं विचारलं तर तिच्याकडे बघवेना.

सकाळी घळीपाशी कप्तान चटईवर उभे राहिले. धाप शमायला बराच वेळ लागला. "काय रावजी, जाईल ना?"

"जायल, साहेब," रावजी म्हणाला. "पन ह्यो तुमचा वेग न्हाय. मान मी फिरवलीय, ईदीच्या टायमाला. तुमच्या खुनेवर असती तर चेंडू तवाच घळीत पडला असता."

कप्तानांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि खूण पाहिली. "का केलंस?"

"तुमचं मन ऱ्हावं म्हनून केलं, असं मी सोताला सांगत व्हतो. तसं न्हाय, साहेब. तुमी गेल्यावर मी कुनासंगं चालू? माज्यासाठी केलं मी."

कप्तान रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. रावजीने चावी दिली. त्यांनी सावकाश स्क्रू सैल केला, मान वेगाच्या खुणेवर आणली, पुन्हा आवळली आणि चेंडू मारला. तो खालून गेला, समोरच्या कड्यावर टण्णकन आपटला आणि घळीतल्या करवंदीत गडप झाला.

"बांध बॅग," कप्तान म्हणाले. खाली उतरताना एवढंच बोलले, "घरी सांगायचं, चेंडू पडला. बाकीचं कोणाला सांगायची गरज नाही."

आठ दिवसांनी दोघं नवराबायको शारजाला गेली. निघताना कप्तानांनी रावजीचा हात बराच वेळ धरून ठेवला. "झकास खेळलो रे तीन महिने," ते म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी झैनचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पण हृदयात ताकद उरली नव्हती. अब्बा शुक्रवारी गेले. डॉक्टर म्हणाले, ईदेला घेऊन आला असतात तर वाचले असते.

रावजीने त्याला सगळं सांगितलं. चावी, खूण, तीन महिने, काही राखून ठेवलं नाही.

"काका," झैन दबक्या आवाजात म्हणाला, "हे अम्मीला कधीही सांगू नका. तिला सोसायचं नाही."

मागून सईदाभाभींचा आवाज आला, "कोण, रावजीभाऊ का? दे इकडे." फोन त्यांच्या हातात गेला. "रावजीभाऊ, शेवटपर्यंत तुमचीच आठवण काढत होते हो. म्हणायचे, आख्ख्या जगात मला तोंडावर खरं सांगणारा एकच माणूस भेटला."

रावजीने फोन दोन्ही हातांनी धरला.

"व्हय, भाभी," तो म्हणाला.