बिनकमरेचा फ्रॉक

ओटिलीने ओठांत धरलेली एक टाचणी काढली, मर्टलच्या फ्रॉकच्या कडेला टोचली आणि तिला जरा डावीकडे वळायला सांगितलं. मर्टल स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी होती. ती वळली तसा फ्रॉक खांद्यांपासून सरळ खाली झुलला, कमरेला कुठेही न अडखळता. ओटिलीचा हात तिथेच थांबला. जानेवारीत याच टेबलावर लूएला अशीच उभी होती, आणि तिच्याच्याने क्षणभरही स्थिर राहवत नव्हतं.

लूएला ब्रान्ट, ओटिली आणि हर्मनची एकुलती एक लेक, वय एकोणीस. मर्टल आणि ती गावच्या टेलिफोन ऑफिसात शेजारी शेजारी बसून लोकांचे फोन जोडून देत. गरीब घरातल्या मुलीसुद्धा आता असेच फ्रॉक घालतात, मग मीच तेवढी आजीसारखी का फिरू, असं लूएलाने आईला विचारलं होतं. शरद ऋतूत तिने केस कापून घेतले तेव्हा हर्मन आठवडाभर धुमसत होता. या फ्रॉकचं नाव निघताच त्याने जेवता जेवता सांगून टाकलं, की कपड्याला कमर असते, आणि बाईच्या कपड्याला तर असतेच. असलं काही माझ्या घरात शिवलं जाणार नाही. हर्मन पियानोच्या कारखान्यात सुतार होता. तो एकदा बोलला की विषय संपत असे.

ओटिलीने तो फ्रॉक हर्मन कामावर गेल्यावर शिवला. निळ्या कापडाचा. पुढच्या रविवारी लूएला तो घालून जेवायला बसली. हर्मनने ताटावरून मान वर केली नाही.

फेब्रुवारीत तिला ताप आला, मग छाती भरली, आणि आठव्या दिवशी ती गेली.

दफनानंतर माणसं घरी कॉफीला आली होती. हर्मनची बहीण बर्था केक कापता कापता म्हणाली, "उघड्या नडग्यांनी बर्फातून हिंडायचं, वर ते कांद्याच्या सालीसारखे मोजे. दुसरं काय होणार? आणि शिवून दिलं कोणी, ते नाही कोणी विचारत."

हर्मन दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. त्या दिवसापासून त्याचं बोलणं कोळसे आणि कॉफी यांपुरतं उरलं. तो बहिणीचा प्रश्नच मनात घोळवतोय, अशी ओटिलीची खात्री झाली. तिने शिवणयंत्रावर चादर टाकली आणि कपडे शिवून घ्यायला आलेल्या बायकांना परत पाठवलं.

मर्टललाही तिने दोनदा परत पाठवलं होतं. मर्टल तिसऱ्यांदा आली, ईस्टरसाठी घेतलेलं हिरवट कापड छातीशी धरून. दुसरीकडे शिवून घेईन म्हणाली, आणि उंबऱ्यातून हललीच नाही. मग खाली बघत म्हणाली, "लूएला म्हणायची, आईच्या हातचा फ्रॉक घातला की अंगावर काही आहे असं वाटतच नाही."

ओटिलीने चादर काढली.

आता टेबलावर उभ्या उभ्या मर्टलने आणखी एक गोष्ट सांगितली. विचारलं कोणी नव्हतं. बरेच दिवस पोटात ठेवल्यासारखं ती ते एका दमात बोलली. त्या पंधरवड्यात ऑफिसात त्यांच्या रांगेतल्या सहाजणी खोकत होत्या. त्यातल्या दोघी तर अजून घोट्यापर्यंतचे झगे घालतात. आणि लूएला थंडीत जाडे लोकरी मोजे घालूनच यायची, फक्त ऑफिसच्या दाराशी ते बदलायची.

ओटिली ऐकत राहिली. इतके दिवस ती हेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायला आसुसली होती. पण बरं काही वाटलं नाही. निदान दोष तरी तिचा स्वतःचा होता. आता तोही गेला, आणि हातात धरायला काहीच उरलं नाही.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. शनिवार होता, कारखाना दुपारीच सुटला होता. हर्मनला बघताच मर्टल घाईने खाली उतरू लागली, पण ओटिलीने तिच्या पायाला धरून तिला थांबवलं. हर्मनने टोपी खुंटीला अडकवली, पाठमोरा होऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. ओटिलीने कड मुद्दामच खाली, पोटरीच्या मध्यावर धरली होती.

"एवढी ठीक आहे ना?" तिने हळूच विचारलं.

"ठीक आहे, मिसेस ब्रान्ट," मर्टल म्हणाली.

हर्मन हात पुसत वळला. त्याने एक डोळा किंचित बारीक केला, फळीची धार बघताना करायचा तसा.

"लूएलाचा एवढा लांब नव्हता," तो म्हणाला. "चार बोटं वर घे."

ओटिलीने लावलेल्या टाचण्या एकेक करून उपसल्या आणि कड चार बोटं वर दुमडली. दोन टाचण्या तिच्या हातून जमिनीवर पडल्या. हर्मनने वाकून त्या उचलल्या आणि टेबलाच्या कडेला ठेवल्या.

मर्टलने आत जाऊन कपडे बदलले आणि ती निघाली.

"कोट आणलायस ना?" हर्मनने विचारलं.

"हो."

"मग बटणं लाव. वरपर्यंत."

तिने बटणं लावली. ती गेल्यावर तो पुढच्या खोलीत गेला. टाचलेला फ्रॉक घेऊन ओटिली यंत्राकडे निघाली, आणि दारातच थबकली. हर्मन खिडकीशी उभा होता. पडदा त्याने सबंध सारला नव्हता. एका कडेला, डोळ्यापुरती फट पडेल इतकाच बाजूला धरला होता, आणि त्याच्या बोटांपाशी पडद्याची ती कड मळून काळपट झाली होती.

लूएला रोज कामाला जाताना वळायची त्याच कोपऱ्यावरून मर्टल वळून दिसेनाशी झाली. तरी तो तिथेच उभा होता.