मोकळी

"दे, तिलाच दे!" बाकावरून सर ओरडले आणि वीटने बॉल दिलाच. छातीच्या उंचीवर, अगदी अलगद, घेणारीला पाऊलही हलवावं लागू नये असा. कॅप्टन मोकळी उभी होती, आसपास कुणी नाही. तिने उडी घेऊन बॉल सोडला. रिंगच्या कडेला आपटून तो परत आला. हा तिसरा.

"पास झकास होता गं!" सर वीटला म्हणाले.

वीटने मान डोलावली. तिला आतून उकळ्या फुटत होत्या.

वीट हे नाव तिला कॅप्टननेच दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती कॉलेजच्या संघात आली ती गार्ड म्हणून. गार्डने बॉल पुढे आणायचा आणि संधी मिळाली की लांबून बास्केट करायची. शाळेत तिचा त्यात हातखंडा होता. पण या संघात लांबून बास्केट करणारी म्हणजे मीच, असं कॅप्टनने ठरवून टाकलेलं. पहिल्याच सरावात नवीन मुलीचे चार शॉट ओळीने चुकले. चौथा बोर्डावर धाडकन आदळला, तशी कॅप्टन मोठ्याने म्हणाली, "अगं, बॉल टाकतेस की वीट?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवशी, "आली गं बाई वीट." तिसऱ्या दिवशी, "मला तर हिचा वीटच आला." विनोद चांगला होता, हीच तर पंचाईत. महिनाभरात हजेरी घेताना सरही वीट म्हणू लागले.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ती शॉटसाठी हात वर करायची तेव्हा कॅप्टन मागून हळूच म्हणायची, "वीट." बस्स, एवढंच. की कोपर जड व्हायचं. हळूहळू तिने टाकणंच सोडलं. बॉल हातात आला की तापलेलं भांडं आल्यासारखी ती तो दुसरीकडे देऊन मोकळी व्हायची. देऊन देऊन तिचे पास असे काही तयार झाले की बघणारे म्हणायचे, किती निःस्वार्थी खेळते पोरगी!

तिची आई दवाखान्यातल्या चादरी शिवायची. एकदा सुट्टी काढून मॅच बघायला आली आणि रात्री जेवताना म्हणाली, "तू एकदाही टाकला नाहीस गं."

"ते माझं काम नाही, आई."

"शाळेत तर होतं."

वीट अर्ध्या जेवणातून उठली.

आणि यंदा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, कॅप्टनचाच हात गेला. कशाने, ते कुणालाच उमजेना. उडी तीच, मनगट तेच, पण बॉल काही आत जाईना. एका सकाळी वीट लवकर आली तर कॅप्टन मैदानावर एकटीच. टाकत होती, चुकत होती, आणि चुकलेला बॉल कुणी बघायच्या आत उचलायला धावत होती. वीट दाराआड उभी राहून मोजत राहिली. पंधरातले अकरा गेले फुकट. तिला दया यायला हवी होती. ती आली नाही, सुचली ती युक्ती.

शिवी नको, टोमणा नको. फक्त पास द्यायचा. मोकळी दिसली की द्यायचा, आणि चारचौघांत चुकू द्यायचं. पास देणारीला बोल कोण लावणार?

उपांत्य सामना त्यासाठी हवा तसा मिळाला. समोरच्या संघाला कॅप्टनची अवस्था कळली होती. त्यांनी तिला चक्क मोकळं सोडलं. चौथा पास, चौथा चुकला. पाचव्याला प्रेक्षकांतून "अरेरे" आलं. सहाव्याला कुणीतरी हसलं. ते हसणं वीटने कान देऊन ऐकलं. दोन वर्षं वाट पाहिली होती त्याची.

सरांनी खेळ थांबवून सगळ्यांना जवळ बोलावलं. "कॅप्टन, जरा बसतेस का?"

"नको सर."

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा संघ एका गुणाने मागे होता. बॉल वीटकडे आला. तिच्यापुढची मुलगी पाय घसरून पडली आणि समोर रिंगपर्यंत सगळं रान मोकळं. पलीकडे कॅप्टनही मोकळी. "तूच टाक! टाक!" सरांचा आवाज फाटला. वीटने बॉल डोक्यापर्यंत नेला. कोपर जड झालं. तिने बॉल कॅप्टनला दिला.

सातवाही चुकला. शिट्टी वाजली.

कपडे बदलायच्या खोलीत मुली मुसमुसत होत्या. सरांनी वीटची पाठ थोपटली. "तुझे पास बरोबर होते. तुझी काही चूक नाही." ते बाहेर गेले, मागोमाग मुली गेल्या. कॅप्टन बुटांच्या नाड्या सोडत बसून राहिली.

"सात दिलेस," ती म्हणाली.

"मोकळी होतीस."

"तिसऱ्यालाच कळलं मला, का देतेस ते."

"मग टाकत का राहिलीस?"

"मोकळी होते ना. मग टाकायलाच हवं." कॅप्टनने बूट पिशवीत घातले. "मी वाईट वागले तुझ्याशी. सहा माझ्या हिशेबात धर. पण सातव्याला तू पण मोकळी होतीस गं."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर वीटला उत्तर सुचलं असतं. सातव्या वेळी आपल्याला सूड आठवलाच नव्हता, आपण नुसत्या घाबरलो होतो, हे तिला तेव्हा कळलं. ती भिंतीकडे तोंड करून कपडे बदलत राहिली. मागे दार लागल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. संघाची गाडी चालू करून उभी होती, मुली आत खिडक्यांना डोकी टेकून बसल्या होत्या. दारापाशी कॅप्टन सामानाची मोठी पिशवी खांद्याला लावून उभी होती, एकेकीवर बोट नेत मोजत. वीट तिच्या बाजूने वर चढली.

"झाल्या सगळ्या," कॅप्टन ड्रायव्हरला म्हणाली, आणि मग स्वतः चढली.