बासष्टावा फोन

वार्षिक अहवाल लिहायला बसली तेव्हा नगरसेविकेची कळी खुललेली होती. वर्षभरात प्रभागातली गटारं झाकून झाली, दवाखान्यात डॉक्टर वेळेवर येऊ लागला, वाचनालयाचं छप्पर गळायचं थांबलं. पण तिचा खरा जीव होता तो विचारपूस सेवेवर. एकट्या राहणाऱ्या बासष्ट म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन जायचा, बरे आहात ना म्हणून. फोन लावायच्या त्या काकू. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, वॉर्ड ऑफिसच्या माडीवर बसणाऱ्या. वर्षात एक खाडा नाही.

अहवालात वयं घालावीत म्हणून तिने यादी जन्ममृत्यूच्या कारकुनाकडे धाडली. तासाभरात तो स्वतःच तिच्याकडे आला.

"मॅडम, यातल्या शिवणवाल्या आजी मार्चमध्येच गेल्या."

काकूंच्या वहीत मात्र मार्चनंतरही आजींपुढे रोजची खूण होती. आठ महिने. नगरसेविकेचा पारा चढला. वही घेऊन ती तडक माडीवर गेली.

"काकू, माणूस जाऊन आठ महिने झाले आणि तुम्ही खुणा मारताय?"

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "गेल्या ते ठाऊक आहे मला. मयताला गेले होते मी."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सवयीने नंबर लावला. त्यांनी उचलला. उचलला की खूण करायची, हे तुम्हीच सांगितलंत." त्यांनी रिसीव्हर पुढे केला. "लावून बघा."

तिने लावला. दोनदा घंटी वाजली.

"बरी आहे," बाईचा आवाज आला. कापरा, पण स्पष्ट. मागे शिवणयंत्र चालल्यासारखी खडखड. "गुडघा तेवढा कुरकुरतो. आज काकू नाहीत? बऱ्या आहेत ना?"

नगरसेविकेने काकूंकडे पाहिलं. "आहेत. इथेच आहेत."

"मग ठीक." फोन ठेवला गेला.

दुपारी तिने आजींच्या पुतण्याला कुलूप उघडायला लावलं. खोली रिकामी, झाडलेली. भिंतीवर फोनच्या जागी फिकट चौकोन, आणि तोडलेल्या दोन तारांची टोकं चिकटपट्टीत गुंडाळलेली.

"शिवणयंत्र?"

"त्याच आठवड्यात ताईकडे दिलं. का हो?"

"अहवालासाठी," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

परत आल्यावर तिने काकूंना विचारलं, "भीती नाही वाटत?"

"पहिल्या दिवशी हातपाय गार पडले होते. पण मॅडम, मी बासष्ट जणांना विचारते कसे आहात. उलट मला विचारणाऱ्या त्या एकट्याच. घरी तरी कोण आहे विचारायला?"

नगरसेविका खाली उतरली. अहवालात तिने आकडा बासष्टच ठेवला.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती ऑफिसात येऊन बसते न बसते तोच तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"आज काकूंचा फोन आला नाही." तोच आवाज. "घरी जाऊन बघा. मोरीत बघा."

कारकुनाला घेऊन ती धावत सुटली. दाराला आतून कडी होती, ती तोडावी लागली. काकू मोरीत पडल्या होत्या. खुबा मोडलेला, ओठ निळे, पण शुद्धीवर. आणखी दोन तास गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाला. तुम्हाला कळवलं कुणी, असंही त्याने विचारलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी मिळेना, म्हणून माडीवर ती स्वतः बसली. एकसष्ट फोन झाले. एकाने औषधाची तक्रार केली, एकीने नातवाचं कौतुक सांगितलं. शेवटच्या नंबरापाशी तिचं बोट थबकलं. मग तिने तो लावला.

"बरी आहे. काकू कशा आहेत?"

"ऑपरेशन झालं. बोलतात आता."

"बरं झालं बाई."

तिने वहीत आजींपुढे खूण केली. ती रिसीव्हर ठेवणार तोच पुन्हा आवाज आला.

"मॅडम, तुम्हीही घरी एकट्याच ना?"

मुलगी लग्न होऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती, तेव्हापासून घरात ती एकटीच. ऑफिसात हे तिने कुणाला जाणवू दिलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मग उद्या नऊच्या आत लावा. उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो."