सिदूचं पक्कं घर

सात रस्त्याजवळच्या त्या इमारतीची लिफ्ट आजही बंद होती. मायाक्का जिने चढून तिसऱ्या मजल्यावरच्या गृहकर्जाच्या ऑफिसात पोचली, तेव्हा तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पहाटेपासून तिनं विकायच्या दीडशे कडक भाकरी केल्या होत्या आणि इथली ही तिची पाचवी खेप होती. तिचा नवरा सिदू टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधायचा. तो आधीच येऊन खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला होता.

"सवलत नामंजूर झाली," समोरच्या चेतना मॅडम म्हणाल्या. "गावी तुमचं पक्कं घर आहे, असा अहवाल आलाय."

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सरकार कर्जाच्या व्याजात सवलत देतं. तिची अट समजायला अवघड नव्हती. नवरा, बायको, मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. सोळा वर्षांत भाड्याच्या सात खोल्या बदललेल्या या दोघांना ती अट वाचून हसू आलं होतं. अक्कलकोट रस्त्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता. सवलत मिळाली तरच तो झेपणार होता, आणि बिल्डर महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

गावी सिदूच्या नावावर होती ती बिरोबाची खोली. चार वर्षांपूर्वी थोरला भाऊ बिभीषण यानं देवावरचे पत्रे काढून स्लॅब टाकला. ग्रामपंचायतीत नोंद कुणाच्या नावानं करायची, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "सिदूच्या. त्यो गाव सोडून गेला, त्याचं नाव तरी देवापाशी ऱ्हावं." हे मागच्या खेपेला मॅडमना सांगून झालं होतं. म्हणूनच त्यांनी पाहणीला माणूस पाठवला. तो येईल, देव बघेल, तसं लिहील आणि काम होईल, असं सगळ्यांना वाटलं होतं.

मॅडमनी फोटो पुढं केला. खोलीला ताजा चुना. आत पलंग, गॅसची शेगडी, भिंतीला आरसा. बिरोबा कोपऱ्यात पडद्याआड गेलेला.

"तुमच्या भावानं सांगितलंय, हे सिदूचंच घर, तो आला की इथंच राहतो."

सिदू फोटोकडं बघत राहिला. मायाक्कानं विचारलं, "आता?"

"नवा पंचनामा आणा. खोलीत देव आहे, कुणी राहत नाही, आणि सिदू यांना गावात घर नाही, असं भावानं लिहून द्यायचं. गावातल्या पाच जणांच्या सह्या. सोमवारपर्यंत. त्यानंतर माझ्या हातात काही नाही हो."

रविवारी दोन एसट्या बदलून दोघं मंगळवेढ्यापलीकडच्या गावी पोचली. बिभीषण खुशीत होता.

"सायेबानं फोटू दावला का? त्यो येनार म्हनल्यावर चुना मारला. पलंग ईरप्पाकडनं आनला, शेगडी सरपंचाच्या घरची. म्हनलं, शहरातनं मानूस येतोय, आपल्या सिदूचं हलकं दिसाय नगं."

सिदूनं मान खाली घातली. याच भावानं मेंढरं विकून त्याला शिकवलं होतं. त्याच्यापुढं सिदूचं तोंड उघडेना. मायाक्का थोरल्या दिराशी सहसा थेट बोलत नसे. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"दादा, तुमी आमच्या चांगल्यासाठीच केलं. पण त्यानं आमचं घर जातंय."

"जातंय कसं? हाय की हितं."

"हितं देव राहतो. आमी आलो की तुमच्या पडवीत झोपतो. सरकार घर नसणाऱ्यालाच मदत करतंय, दादा. तिकडं घरमालकानं परत खोली सोडाय सांगितलीय, आता आठवी हुडकायची. मला सामान बांधवत न्हाय आता."

तिनं पंचनाम्याचा लिहून आणलेला कागद पुढं ठेवला आणि त्यावर काय लिहिलंय ते सावकाश सांगितलं. बिभीषणनं कागदावर बोट ठेवलं.

"म्हंजे माझ्या भावाला घर न्हाय, असं म्या पाच जनांम्होरं म्हनायचं?"

"व्हय."

"गावात घर न्हाय ते निराधाराला. त्याचा थोरला भाऊ जित्ता हाय अजून."

मायाक्कानं कागद उचलला नाही, तसाच राहू दिला. शेवटी बिभीषण उठला, खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला आणि कागद घेऊन बाहेर पडला. मागून ही दोघं.

बिभीषणच्या सहीखाली पहिल्या चार सह्या मुकाट्यानं झाल्या. संगप्पानं तर चहाही विचारला. पाचवा ईरप्पा. तो पारावर चारचौघांत बसला होता. त्यानं कागद लांब धरून वाचला आणि हसला.

"का रं बिभीषना, परवा माझा पलंग नेताना सिदूचा बंगला म्हनत हुतास की. चार दिसांत पडला व्हय बंगला?"

पारावरची माणसं हसली. सिदू पुढं सरसावला, पण बिभीषणनं त्याला हातानं मागं सारलं.

"बंगला न्हाय," तो म्हणाला. "म्या खोटं बोललो. माझ्या भावाला कुटंच घर न्हाय. सही कर."

ईरप्पाचं हसू ओसरलं. त्यानं पेन मागून घेतलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

बिभीषणनं कागद मायाक्काच्या हातात दिला आणि कुणाकडं न बघता मेंढरांच्या वाटेनं चालू लागला. त्याला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. पण हाक मारून काय म्हणायचं ते सुचेना. सिदू म्हणाला, "एसटी यील की." तिनं कागदाची घडी घातली, ती पोलक्यात नीट खोचली, आणि दोघं रस्त्याकडं निघाली.