दीपकचा सिनेमा

कंपनीची मुलगी निळी फीत लावायला वाकली, तशा कौसल्याबाई एक पाऊल मागं सरल्या. टाचणीला त्यांची हरकत नव्हती, पण फितीवर लाटेचं चित्र होतं. हिंदुरावांनी मुलीच्या हातातल्या दोन्ही फिती घेतल्या आणि आपल्याच खिशाला एकाखाली एक लावून टाकल्या.

"आजींना नको?" मुलीनं विचारलं.

"आमचं एकातच हाय," हिंदुराव म्हणाले.

बारामतीच्या त्या नाट्यगृहात ते पूर्वी ऊस उत्पादकांच्या मेळाव्याला आले होते. आज मात्र ते ओळखू येत नव्हतं. दारापासून स्टेजपर्यंत निळे दिवे लावलेले, आणि पडद्याशेजारी माणसाएवढ्या घड्याळाचं चित्र उभं केलेलं. कंपनी स्वित्झर्लंडची. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी घड्याळं करते आणि त्यातल्या एकेकाच्या किमतीत ट्रॅक्टर येतो, असं एसटीत शेजारच्या माणसानं सांगितलं होतं. ट्रॅक्टर हातात बांधून वेळ तीच कळणार ना, असं एरवी हिंदुराव म्हणाले असते आणि सगळी एसटी हसवली असती. आज त्यांनी नुसती मान हलवली.

त्याच कंपनीनं समुद्र वाचवायच्या कामाला हात दिला होता आणि त्यावर माहितीपट काढला होता. मुंबईत तो मोठ्या हॉटेलात दाखवून झाला. बारामतीत दाखवायचं कारण एवढंच, की त्यातलं पाण्याखालचं सगळं चित्रण सणसरच्या दीपकनं, म्हणजे हिंदुरावांच्या मुलानं केलं होतं. शेवटच्या खेपेला तो लक्षद्वीपजवळ खाली गेला. जोडीदार वर आला, कॅमेरा वर आला. दीपक आला नाही, आणि नंतरही कुणाला सापडला नाही.

कार्यक्रमाचं सगळं बघणारी आसावरी लगबगीनं त्यांच्याकडं आली. ती दीपकबरोबर काम केलेली, त्याच्यानंतर घरी येऊन गेलेली.

"काका, तुमच्यासाठी पुढचा सोफा राखून ठेवला होता," ती कानकोंडी होऊन म्हणाली. सोफ्यांवर पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे ऐसपैस बसले होते. "मी त्यांना उठवते."

"नगं पोरी. आमाला दाराजवळच बरं."

हिंदुरावांनी मनाशी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. कडेच्या दोन खुर्च्या धरायच्या. कौसल्याबाईंना सोसलं नाही तर अंधारातच उठायचं आणि कुणाला न कळता बाहेर पडायचं. पाण्याची त्यांना पहिल्यापासून धास्ती. दीपक विहिरीत पोहायला शिकत होता तेव्हा ही बाई कानावर हात ठेवून घरात बसायची. आता तर त्या घागरीतही वाकून बघत नव्हत्या. येताना कालवा दिसायला लागला, तशा खिडकी सोडून आतल्या बाजूला सरकल्या आणि काटेवाडी मागं पडेपर्यंत मांडीवरच्या पिशवीकडं बघत राहिल्या.

अशा बाईला समुद्राचा सिनेमा बघायला आणलं होतं, आणि तेही हिंदुरावांच्या एका वाक्यामुळं.

दीपकला शेवटचा निरोप दर्भाचा पुतळा करून द्यावा लागला. दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला तेव्हा बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. आईला अंतर देणार नाही म्हणून झालं. बहिणीचं माहेर तुटू देणार नाही म्हणून झालं. चुलते बोलले, चुलतभाऊ दादासो बोलला, मित्र बोलले. हिंदुरावांचा घसा बसला. ऊन डोक्यावर आलं तरी कावळे आपले बाभळीवरच. शेवटी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि मंडळी खाली माना घालून घरी आली.

कौसल्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "शिवला का?" त्यांनी विचारलं. त्या सगळ्या दिवसांत त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

"शिवला," हिंदुरावांच्या तोंडून निघून गेलं. "तुझी आई तुझा सिनेमा बघंल म्हणालो, तसा लगीच शिवला."

बरोबरच्या माणसांपैकी कुणी वर बघितलं नाही. त्या दिवशी कौसल्याबाई चार घास जेवल्या. त्या चार घासांपायी हिंदुरावांनी ते खोटं मनातून माफ करून टाकलं, आणि पुढं त्यांना त्याची आठवणही राहिली नाही. मग कंपनीचं आमंत्रण आलं.

"तुला सोसायचं न्हाय. ऱ्हाऊ दे," ते म्हणून बघत होते.

"कबूल केलंय न्हवं तुमी?" कौसल्याबाई म्हणाल्या होत्या. "मग त्याचं अडकून ऱ्हाईल."

खरं सांगावं तर पोराचा पिंड तसाच राहिला हे त्या माउलीला कळणार. न सांगावं तर तिला पाण्यासमोर नेऊन बसवायचं. हिंदुराव रोज रात्री ठरवत आणि सकाळी कारखान्याकडं जायचं निमित्त काढून घराबाहेर पडत.

भाषणं झाली. समुद्र वाचला तर आपण वाचू, असं पाहुणे म्हणाले. दीपकसाठी सगळे उभे राहिले, बसले. दिवे गेले.

पडदा निळा होण्याआधी आवाज आला. नळीतून घेतलेला श्वास, आणि मग बुडबुड्यांची गुडगुड. कौसल्याबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांच्या तोंडावर निळा उजेड पडला, मग हिरवा पडला. हिंदुराव बघत होते. कौसल्याबाईंचे डोळे मिटले नव्हते. मागं कुणीतरी "काय मासा हाय रं" म्हणालं. मग जाळ्यात अडकलेलं कासव आलं असावं, कारण सगळं नाट्यगृह चुकचुकलं आणि कौसल्याबाईंच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी त्या पुसत नव्हत्या. पदर डोळ्यांना लावला तर तेवढ्यात काही बघायचं राहून जाईल, अशा बसल्या होत्या.

हिंदुरावांना ते बघवेना. आपण हिला फसवून इथं आणून बसवलं, असं त्यांना वाटलं आणि स्वतःची अतोनात शरम वाटली.

"चल, उठ," ते कानाशी म्हणाले. "बास झालं."

"ऱ्हाऊ द्या. कबूल केलंय."

"कबूल-बिबूल काय न्हाय, अगं. म्या खोटं बोललो. कावळा शिवलाच न्हवता. दर्भाचा केला आमी. चल आता."

आता ही कोसळणार, म्हणून त्यांनी सावरायला हात पुढं केला. कौसल्याबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"ठावं हाय मला," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी दादासोची बायकू कुशाबाई बोलली. त्यानं घरी सांगितलं व्हतं तिला."

"मग आलीस कशापायी?"

"लेकरू फोनवर सारखं म्हणायचं, आये, एकदा तरी बघ. म्या म्हणायची, भ्या वाटतं." त्यांनी श्वास घेतला. "आता त्यो ह्याच पाण्यात ऱ्हायलाय. कुठं ऱ्हायलाय ते आईनं बघू नको व्हय?"

बुडबुड्यांचा आवाज तेवढा चालू होता. कौसल्याबाई पुन्हा बोलल्या.

"काठावर आईचं नाव घेतलं, भनीचं घेतलं. चुलत्या-मालत्यांनी आपलं आपलं कबूल केलं. त्यो तर तुमालाबी बलवीत व्हता. म्हणायचा, आबा, ऊस जाऊ द्या अन् मग या. किती ऊस गेले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी तुमच्या नावानं कायच बोलला न्हाय, अवो."

कौसल्याबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"अन् मगाधरनं माझ्याच तोंडाकडं बघताय. तिकडं बघा की."

खरंच होतं ते. सिनेमा सुरू झाल्यापासून त्यांनी पडदा पाहिलाच नव्हता. दाराजवळच्या खुर्च्या आपण कुणासाठी धरल्या होत्या, हे आता त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी मान वळवली.

पडद्यावर मासे नव्हते, कासव नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि उजेड कमी कमी होत कॅमेरा खाली चालला होता. ते बघणारा दिसत नव्हता. तो सावकाश श्वास घेत होता, घाई नसलेल्या माणसासारखा. श्वास आत गेला, बाहेर आला, बुडबुडे वर निघून गेले. हिंदुराव बघत राहिले. कधी जोडले ते कळलं नाही, पण त्यांचे हात जोडलेले होते.

"बघतोय रं, दीपक," ते म्हणाले. "म्या बघतोय."

आवाज जरा मोठाच निघाला. पुढच्या सोफ्यावरच्या पाहुण्यांनी मागं वळून पाहिलं. कौसल्याबाईंनी त्यांना गप्प केलं नाही.