गाळलेल्या चार ओळी

सरकारी छापखान्यात गुपित राखायची पद्धत फार साधी होती. कात्री. गृहखात्याकडून गुप्त मजकूर आला की अधीक्षक आपल्या खोलीचं दार लावून घेत आणि एकेका पानाच्या आडव्या पट्ट्या कापत. मग सहा टेबलांवरच्या सहा कंपोझिटरांना त्या वाटून टाकत. प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा ओळी येत, त्यामुळे पूर्ण मजकूर कुणालाच कळत नाही, अशी अधीक्षकांची समजूत होती. अकरा वाजता चहाची सुट्टी व्हायची. सहाही जण एकाच बाकावर बसायचे आणि आपापल्या पट्ट्या तोंडी जोडायचे. सव्वाअकरापर्यंत राज्यकारभाराची सगळी गुपितं आम्हांला पाठ झालेली असत. ती बाहेर कधी फुटली नाहीत, कारण बाहेर आम्हांला कुणी काही विचारतच नसे.

मी तिथे मुद्रितशोधक होतो. आता छापखाना राहिला नाही, शिसं राहिलं नाही आणि दातही थोडेच राहिलेत. पण शाई आणि रॉकेलच्या बोळ्यांचा तो वास आठवला की अजून भूक लागते, कारण त्या वासातच आम्ही डबे खात होतो. तळघरातलं मोठं मशीन सुरू झालं की वरच्या मजल्यावरचे कप थरथरत, आणि चहा निवायच्या आत प्यायची सवय आम्हांला लागली ती त्यामुळेच.

चार नंबरच्या टेबलावर माझे भावोजी होते. म्हणजे ताईचे यजमान. नोकरी मला त्यांनीच लावली, हे ते वर्षातून एकदाच बोलून दाखवत, पण चारचौघांत. त्यांचा हात असा चालायचा की पाहणाऱ्याला वाटावं, शिशाच्या अक्षरांचे खिळे आपणहून उड्या मारत येताहेत. जन्मभर अक्षरं उलटी वाचल्यामुळे समोर बसलेल्याच्या हातातलं पत्र त्यांना सहज वाचता येई. सभ्य माणूस होते, वाचून झालं की खिडकीबाहेर बघत.

भावोजींना एक धाकटा भाऊ होता. आम्ही सगळे त्याला धाकटा म्हणायचो. वय बावीस, अंगाने काटक, डोळ्यांत कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा भाव. आई-वडील लवकर गेल्याने भावोजींनी आणि ताईनेच त्याला वाढवलं होतं. बरेच दिवस नोकरी मिळेना, तेव्हा त्याला उंबरठा पथक मिळालं. हे पथक रोज सकाळी दूध डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत कवायत करायचं. बाहेरून येऊन, परकी वस्ती म्हणत तिथे राहिलेल्या लोकांपासून आपल्या घराचा उंबरठा राखायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कुणाचा उंबरठा, कुणी ओलांडला, हे विचारलं की ते आणखी जोरात कवायत करत. गणवेश म्हणून राखाडी स्वेटर होता. ते बावीसच्या बावीस स्वेटर आमच्या ताईने विणले होते. पोरं लवकर उठतात, सिगारेट ओढत नाहीत, वहिनी-वहिनी करतात, ताईला आणखी काय हवं होतं?

त्या साली गृहखात्याने एक इशारा तयार केला. देशातल्याच उजव्या विचारांच्या काही कडव्या गटांपासून धोका आहे, त्यांच्याकडे हत्यारं जमताहेत, लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी सावध राहावं, असा त्याचा सारांश. तो छापायच्या आधीच सभागृहात त्याचा बोभाटा झाला आणि तीन आठवडे दुसरं काही बोललं गेलं नाही. सभागृहाचं कामकाजही आमच्याकडेच छापायला येई, त्यामुळे सकाळी इशारा आणि दुपारी त्यावरची भांडणं, असा आमचा दिवस भरगच्च जाई.

एक जाडजूड सदस्य होते. ते म्हणाले, "ही आपलीच पोरं आहेत. पहाटे उठतात. पहाटे उठणं हा गुन्हा कधीपासून झाला?"

मंत्री म्हणाले, "पहाटे उठण्याबद्दल सरकारला आदरच आहे."

पलीकडच्या बाकावरचे एक वयस्क सदस्य म्हणाले, "आमच्या पोरांनी भिंतीवर एक पत्रक चिकटवलं तर तुम्ही त्यांना आठ महिने आत टाकलं. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. आज सरकारला एवढं हळुवार व्हायला काय झालं?"

यावर गोंधळ झाला, असं कामकाजात नोंदलेलं आहे. गोंधळात कोण काय बोललं ते आम्ही छापत नसू, नाहीतर छापखान्याने बरंच नाव कमावलं असतं.

आमच्या बाकावरही दोन तट पडले होते. दोन नंबरचा म्हणायचा, हे सगळं निवडणुकीसाठी चाललंय. पाच नंबरचा म्हणायचा, धूर दिसतोय तर आग बघायला नको का? भावोजी कुणाच्याच बाजूने बोलत नसत. ते कपात बघत आणि म्हणत, "आधी पूर्ण छापून तर होऊ दे."

आता त्या दिवसाचं सांगतो. गुप्त मजकूर तपासायची रीत अशी की एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि मुद्रितशोधकाने छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. माझ्यासाठी वाचणाऱ्या बाई स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद हे सगळं त्याच सुरात वाचत. घरी भांडतानाही तशाच बोलतात, अशी वदंता होती. त्यांना आम्ही पूर्णविरामबाई म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं.

बाई वाचत होत्या, "दूध डेपोमागे कवायत करणारे उंबरठा पथक, स्वल्पविराम, सदस्यसंख्या सुमारे बावीस, पूर्णविराम. दगडखाणीतून गहाळ झालेल्या सुरुंगाच्या कांड्या या पथकाकडे असाव्यात, स्वल्पविराम, असा सबळ संशय आहे, पूर्णविराम. परक्या वस्तीतील इमारत हे लक्ष्य असण्याची शक्यता, पूर्णविराम."

माझ्या हातातल्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. वरची ओळ होती, खालची ओळ होती, आणि मधल्या चार ओळी अशा बेमालूम गेल्या होत्या की सांधा दिसू नये. असा सांधा आमच्याकडे एकाच माणसाला जमायचा.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पट्टीच्या कोपऱ्यात टेबलाचा आकडा असे. चार.

"गळालंय का काही?" त्यांनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

गुप्त कामात मजकूर गळाला तर टेबलाच्या आकड्यासह लाल वहीत नोंद करावी लागे. एखादा शब्द गेला तर ताकीद. चार ओळी गेल्या, त्याही नेमक्या अशा, तर चौकशी, आणि नोकरी गेलीच म्हणून समजा. नोंद केली नाही तर इशारा त्या चार ओळींवाचून बाहेर जाणार. म्हणजे एकीकडे ताईचं घर आणि दुसरीकडे परक्या वस्तीतली कुठलीशी इमारत, जिच्यात कोण राहतं हे मला माहीत नव्हतं.

बाईंनी प्रत टेबलावर पालथी घातली. "मी जेवून येते," त्या म्हणाल्या. साडेअकराच वाजले होते, आणि त्या एक वाजल्याशिवाय डबा उघडत नसत. "सावकाश जेवते. पूर्णविराम."

मी चार नंबरच्या टेबलाशी गेलो. भावोजी खिळ्यांच्या खणात बोटं घालून उभे होते, काही उचलत नव्हते.

"भावोजी, चार ओळी राहिल्यात."

"नजरचूक झाली असेल. वय झालं."

"एकोणचाळीस."

"शिशाने माणूस लवकर थकतो." ते खणातच बघत म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू वाचलंस ना? छापून आलं तर काय होईल? पोलीस आधी घरी येतील. तुझी ताई त्यांना विचारेल, चहा घेणार का, आणि ते विचारतील, स्वेटर कुणी विणले?"

"आणि छापून नाही आलं तर?"

त्यांनी एक खिळा उचलला आणि परत खणात टाकला.

"कांड्या खऱ्या असतील तर?" मी विचारलं.

"धाकटा असं काही करणार नाही. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत नेलंय."

"त्यात बावीस जण लिहिलेत. बाकीच्या एकवीस जणांनाही तुम्हीच नेलं होतं का?"

हे मी लागट बोललो. नोकरी लावून देणाऱ्या माणसाशी असं बोलू नये, आणि त्यानंतर कधी बोललोही नाही. भावोजींनी हात रुमालाला पुसले, चष्मा पुसला, मग परत हातच पुसले. म्हणाले, "पट्टी आण."

मी पट्टी आणली. एरवी चार ओळी जुळवायला त्यांना पाच-सहा मिनिटं पुरत. त्या दिवशी अर्धा तास लागला. 'उंबरठा' जुळवताना खिळे दोनदा हातातून पडले. मी शेजारी उभा राहून खिडकीबाहेर बघत होतो. बाई परतल्या, नवा कागद आला, सगळं जुळलं. लाल वही तशीच कोरी राहिली. हा नियमभंग मी केला होता, आणि बाईंनीही केला होता. त्यांनी तो आयुष्यभर कबूल केला नाही.

तिसऱ्या दिवशी सभागृहात तडजोड झाली. इशारा काढावा, पण कुणाचंही नाव घेऊ नये, म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत. दुपारी दुरुस्त प्रत आली. मंत्र्यांनी सगळ्या गटांची नावं, ठिकाणं, संख्या लाल पेन्सिलीने काढून टाकली होती. भावोजींच्या चार ओळींवर तर दोनदा रेघ होती. अट्ठेचाळीस पानांचा इशारा सहा पानांवर आला, आणि त्यात नागरिकांनी दारांच्या कड्या नीट लावाव्यात, अशी भर घातलेली होती. काढलेल्या मजकुराचे खिळे त्याच दिवशी वितळवून टाकावेत, असा हुकूम होता.

दोन नंबरचा म्हणाला, "चला, सुटलो."

मी भावोजींकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. आतापर्यंत ती काळजी सरकारची होती. आता ती एकट्या त्यांची झाली होती.

त्या रविवारी मला ताईकडे जेवायला बोलावलं होतं. धाकटा उशिरा आला, घामेजलेला. पानं घ्यायच्या आधीच भावोजी म्हणाले, "खाणीतल्या कांड्या कुठे आहेत?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"छापलं होतं."

"दाखव."

"वितळवलं."

"म्हणजे पुरावा नाही."

"नाही. म्हणून तर तू अजून या घरात जेवायला बसतोयस."

"दादा, हे सगळं खोटं आहे. आम्हांला बदनाम करायला सरकारने रचलंय. सभागृहात स्पष्ट बोललेत सगळे."

"मी सभागृहाचं विचारत नाही. तुझं विचारतोय."

धाकटा पाट सरळ करू लागला. त्या पाट सरळ करण्यातच उत्तर होतं, आणि ते ताईला आमच्याआधी कळलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाने भरलेले.

"भावजी," ती धाकट्याला म्हणाली, "माझे स्वेटर परत आणा."

"काय?"

"मी विणलेले. बावीस आहेत. उद्या सकाळी कवायतीला जाल तेव्हा सगळ्यांचे उतरवून आणा."

"वहिनी, थंडीचे दिवस आहेत."

"कुडकुडू देत."

"अहो, मी त्यांना काय सांगू?"

"सांगा, विणणारीने परत मागितलेत. नसेल धीर होत तर मी येते. मी येऊ?"

दूध डेपोमागच्या मैदानात वहिनी पिशवी घेऊन उभी आहे, हे चित्र धाकट्याला सुरुंगापेक्षा भयंकर वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि त्याने खरोखरच स्वेटर मागितले. पथकात शिस्त कडक होती. अशा मागणीची नियमांत तरतूद नव्हती. त्याला ओळीतून बाहेर काढलं, सगळ्यांसमोर भित्रा म्हटलं आणि पथकातून नाव कमी केलं. ज्यांनी काढून दिले त्यांचे नऊ स्वेटर घेऊन तो घरी आला आणि महिनाभर भावाशी बोलला नाही. ताईशी बोलायचा, कारण जेवण तिच्याकडे होतं.

भावोजींनी मग एक भलतंच केलं. ते अधीक्षकांकडे गेले आणि म्हणाले, "गुप्त मजकूर मी घरी सांगितला. शिवाय परक्या वस्तीत काहीतरी होणार आहे, ते कुणीतरी बघा."

अधीक्षकांनी फाईल मागवली. "हा मजकूर तर छापलाच गेला नाही," ते म्हणाले. "जो मजकूर नाही त्याची गुप्तता तुम्ही कशी मोडणार? आणि त्यातलं काही होणार, हे मी वर कुठल्या आधाराने कळवू?" माणूस वाईट नव्हता, नियमाने चालणारा होता. भावोजींना त्यांनी प्रकृतीच्या कारणावरून दिनदर्शिका विभागात हलवलं.

सात आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी, परक्या वस्तीतल्या शाळेची भिंत उडाली. मुलं नव्हती. रखवालदार होता, त्याचा उजवा हात गेला. पथकातले तिघे धरले गेले. त्यातल्या एकाच्या अंगात राखाडी स्वेटर होता, हे ताईने वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं आणि लोकरीच्या सुया माळ्यावर टाकल्या. रखवालदाराच्या घरी ती जाऊन आली. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही.

सभागृहात त्याच जाडजूड सदस्यांनी प्रश्न विचारला, की एवढा धोका असताना सरकारने नावानिशी इशारा का दिला नाही? तो प्रश्न माझ्याच टेबलावर तपासायला आला. बाईंनी तो वाचला, एकही विरामचिन्ह न सांगता.

भावोजी पुढची एकोणीस वर्षं दिनदर्शिका जुळवत राहिले. धाकट्याला पुढे पाणीपुरवठ्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. दर रविवारी तो सहकुटुंब ताईकडे जेवायला यायचा. एकदाही चुकला नाही. आणि दर दोन-चार रविवारांनी, भाताच्या वेळेला, तो विषय काढायचाच.

"दादा, काही झालं तरी तू त्या दिवशी मला गावासमोर खाली बघायला लावलंस. ते सगळं खोटं होतं. आमच्यापैकी तिघे वाहवले, म्हणून सगळे तसे होते का?"

"नसतील," भावोजी म्हणायचे.

"मग माझ्यावर विश्वास का नाही ठेवलास?"

भावोजी पातेलं त्याच्याकडे सरकवायचे. "ठेवला असता तर भिंत उडाली त्या दुपारी तू शाळेपाशी असतास," ते म्हणायचे, "आणि मी आज हे कुणाला वाढलं असतं? घे, निवतंय."

धाकट्याचं त्यावर कधी समाधान झालं नाही. तो भात मात्र घ्यायचा.